जायफळाचे तीन वळसे

मित्रांनो, मूर्तिजापूरला दुर्गाबाई वानखडे यांच्या स्वयंपाकघरात, पाण्याच्या माठाशेजारी, एक गोल दगड भिंतीला टेकवून ठेवलेला तुम्हाला दिसेल. वीतभर रुंद, तीन बुटके पाय, एका कडेचा टवका उडालेला. ती मी, या घरची सहाण. आमच्या वऱ्हाडात ‘ह’ बोलता बोलता गळून पडतो, म्हणून घरात मला सगळे ‘सान’ म्हणतात. माझे वय आता पस्तिशीला टेकले आहे. एवढ्या वर्षांत किती मुळ्या, साली आणि फळे माझ्या अंगावर झिजली, त्याला गणती नाही. पण तुम्हाला सांगावे असे थोडेच घडले. तेवढेच सांगते.

मला एका पाथरवटाने घडवले. तांबूस, बारीक कणांच्या दगडातून त्याने आधी माझे पाय काढले, मग वरचा भाग घासून सपाट केला आणि शेवटी टोकदार टाकीने त्यावर अगदी बारीक खड्डे पाडले. हे खड्डे नसतील तर दगडावर काही उगाळले जात नाही, नुसते घसरते. मग पाटे, वरवंटे आणि उखळी यांच्या रांगेत मला मांडून तो आठवडी बाजारात बसला. गिऱ्हाईक आले की तो मला पुढे करायचा आणि देवाचे चंदन उगाळायला किती छान आहे ते सांगायचा.

दुर्गाबाई आल्या तेव्हा त्यांच्या कडेवर त्यांचा तान्हा मुलगा स्वप्निल होता. त्यांनी माझ्यावरून बोट फिरवले आणि त्या म्हणाल्या, “आमच्या घरी देवपूजा नाही. मले औषध उगाळायले पायजे.”

पाथरवटाला त्यात काही वावगे वाटले नाही. औषधासाठी घेता तर वापर झाला की लगेच धुऊन पुसून ठेवा आणि तेलाचा हात लावू नका, एवढे त्याने बजावले. अशी मी वानखड्यांच्या घरी आले. तिथे भिंतीवर बुद्धांची आणि बाबासाहेबांची तसबीर होती. सकाळी तिथे फूल ठेवले जाई, पौर्णिमेला मेणबत्ती लागे. चंदनाचा आणि माझा संबंध कधी आलाच नाही. मी पहिल्यापासून फक्त औषधाचीच सहाण झाले.

दुर्गाबाईंना हे ज्ञान त्यांच्या आईकडून मिळाले होते. ते कुठे लिहिलेले नव्हते. हातांनी हातांकडे दिलेले होते. त्यांच्याकडे काचेच्या सात-आठ बरण्या होत्या. त्यांत हिरडा, बेहडा, मुरडशेंग, सुंठ, वेखंड, आंबेहळद आणि एक जायफळ असे. अमरावतीच्या बाजारात मेळघाटातल्या बाया हिरडे-बेहडे विकायला बसत. वर्षातून एकदा दुर्गाबाई तिकडे जात आणि एकेक हिरडा कानाशी हलवून, वजन पाहून निवडून आणत. पोकळ किंवा किडका त्या घेत नसत. अंगणातल्या तुळशीची आणि अडुळशाची पाने त्या सावलीत सुकवत, उन्हात कधीच नाही. उन्हाने पानांचा वास उडून जातो, असे त्यांचे म्हणणे होते.

उगाळण्याचीही त्यांची रीत होती. आधी मला स्वच्छ धुवायचे. उकळून गार केलेल्या पाण्याचे चार थेंब टाकायचे. मग औषध चिमटीत घट्ट धरून एकाच दिशेने गोल फिरवायचे. एका फेरीला त्या एक वळसा म्हणत. काम झाले की औषध पुसून, सावलीत कोरडे करून बरणीत ठेवायचे, कारण ओला हिरडा बरणीत गेला की आठवड्यात बुरशी धरतो. मला धुऊन उभे टेकवायचे.

दुर्गाबाईंचे पती शेषराव शकुंतला रेल्वेच्या रुळांवर गँगमन होते. दिवसभर खडीतून चालून त्यांचे घोटे सुजत. घरी आले की दुर्गाबाई आंबेहळद उगाळत, लेप कोमट करून पायाला लावत. तोंड आले की हिरड्याचे गंध बोटाने फोडांवर लावायचे. डोके दुखले की सुंठेचा लेप कपाळावर, पण चुणचुण सुरू झाली की पुसून टाकायचा. मोठ्या माणसाच्या पोटात मुरडा आला की मुरडशेंग. असे माझे दिवस चालले होते.

हळूहळू गल्लीतल्या बाया येऊ लागल्या. कुणाची मान लचकली, कुणाचा खोकला जाईना. त्यातही सगळ्यांत जास्त येत त्या बाळंतिणी आणि त्यांच्या सासवा. बाळाची घुटी दुर्गाबाईंनीच उगाळावी, असा आमच्या गल्लीत जणू नेमच पडला होता. हिरड्याचा एक वळसा, मुरडशेंगेचा एक, बाळाला सर्दी असेल किंवा ते झोपत नसेल तर जायफळाचे तीन. तीन म्हणजे तीन. दुर्गाबाई मोठ्याने मोजत. त्यांच्या त्या मोजण्यावर लोकांचा विश्वास होता. शेजारची नीलम एकदा म्हणाली होती की डॉक्टरच्या चमच्यापेक्षा दुर्गामावशीचा वळसा पक्का. ते ऐकून मला किती बरे वाटले होते! मित्रांनो, कौतुक दगडालाही चढते.

अशी अठ्ठावीस वर्षे गेली. स्वप्निलचे लग्न झाले, संध्या सून म्हणून घरात आली. स्वप्निलची धाकटी बहीण ज्योत्स्ना औषधनिर्माणशास्त्र शिकून अमरावतीला राजापेठेतल्या एका मेडिकल स्टोअरमध्ये नोकरीला लागली. आणि मग संध्याला मुलगी झाली. तिचे नाव आकांक्षा ठेवले. माझ्यावर पहिली घुटी उगाळली गेली होती ती कडेवरच्या तान्ह्या स्वप्निलसाठी, आता त्याच्या मुलीसाठी उगाळली जाऊ लागली.

एव्हाना मी झिजून गुळगुळीत झाले होते. माझ्यावरचे खड्डे केव्हाच बुजले होते. जायफळ फिरवले तरी पाण्याला नुसता रंग यायचा. दुर्गाबाई कधीकधी पुटपुटत की सान आता काही सोडून नाही राहिली. पण तीन वळशांचे चार मात्र त्यांनी कधी केले नाहीत.

त्या वर्षी हिवाळ्याच्या सुरुवातीला पाटे टाकवून देणारी एक बाई गल्लीतून ओरडत गेली. दुर्गाबाईंनी तिला बोलावले. पाटा झाला, वरवंटा झाला, मग मी. तिने टाकीने माझ्या अंगावर पुन्हा बारीक खड्डे पाडले. मला तर नवा जन्म मिळाल्यासारखे वाटले. दुर्गाबाईंनी मला धुतले, दगडाची भुकटी जाईपर्यंत तांदूळ घासले आणि माठाशेजारी ठेवून दिले.

तिसऱ्या दिवशी आकांक्षाला सर्दी झाली. ती तेव्हा चार महिन्यांची होती. नाक चोंदल्यामुळे तिला नीट पिता येईना, म्हणून ती सारखी रडत होती. सकाळी नऊच्या सुमारास दुर्गाबाईंनी मला घेतले, जायफळ घेतले आणि मोजले, “एक, दोन, तीन.” गंध आईच्या दुधात कालवून बाळाला चाटवले. मग त्या विहारात गेल्या. तिथे महिला मंडळाची बैठक होती.

बारा वाजता बाळ पुन्हा रडू लागले. संध्या घरात एकटी होती. तिने बरेच खांद्यावर फिरवून पाहिले. मग सासूबाई करतात तसे तिनेही मला समोर घेतले. तिला मोजमाप कुणी सांगितले नव्हते. तिने फक्त पाहिले होते. किती वळसे झाले ते तिने मोजले नाही. गंध दाट दिसले तेव्हा थांबली. बाळ झोपले. संध्याचीही दोन रात्रींची झोप राहिली होती, तिचाही डोळा लागला.

साडेतीनला दुर्गाबाई परतल्या. बाळ तीन तासांत दूध प्यायला उठले नाही हे कळताच त्यांनी त्याच्या पायाच्या तळव्याला टिचकी मारली. बाळाने पाय जरासा आखडला, डोळे उघडले नाहीत. गालाला ओले बोट लावले. ओठही हलले नाहीत. अंग सैल पडले होते.

दुर्गाबाई काही ओरडल्या नाहीत. त्यांनी संध्याला बाळ घ्यायला सांगितले, स्वप्निलला फोन केला आणि दाराशी जाऊन ऑटो थांबवला. मग त्या परत आत आल्या, मला आणि जायफळाला एका पिशवीत टाकले आणि पिशवी काखेत मारून निघाल्या. त्यांनी मला का बरोबर घेतले ते मला तेव्हा समजले नाही.

लहान मुलांच्या दवाखान्यात डॉक्टरीणबाईंनी बाळाला तपासले, बोटातून रक्ताचा थेंब घेऊन साखर पाहिली, नर्सला काही सूचना दिल्या. मग त्यांनी विचारले, “घरी काही पाजलं का? काही औषध, घुटी?”

संध्याने मान खाली घातली. स्वप्निल घाईघाईने म्हणाला की नाही, आईचे दूधच चालू आहे. त्याला खरेच माहीत नव्हते, आणि दवाखान्यात घुटीचे नाव काढले की बोलणी बसतात, हे मात्र माहीत होते. बाहेरच्या बाकांवर आमच्या गल्लीतल्या दोन ओळखीच्या बाया बसल्या होत्या. दार उघडेच होते.

दुर्गाबाई पुढे झाल्या. “मी जायफळ देल्लं, म्याडम. सकाळी नऊ वाजता. तीन वळसे.”

“तीन वळसे म्हणजे किती?”

अठ्ठावीस वर्षांत हा प्रश्न दुर्गाबाईंना कुणी विचारला नव्हता. त्यांनी पिशवीतून मला काढून टेबलावर ठेवले. डॉक्टरीणबाईंनी माझ्यावर बोट टेकवले आणि ही नवी आहे का म्हणून विचारले. दुर्गाबाईंनी सांगितले की जुनीच आहे, परवा टाकवून घेतली. मग डॉक्टरीणबाईंनी त्यांना तिथेच एक वळसा काढून दाखवायला लावला. बाटलीतले थोडे पाणी माझ्यावर पडले, जायफळ फिरले. एकाच वळशात तपकिरी, दाट गंध माझ्यावर उभे राहिले.

दुर्गाबाईंचा हात जागच्या जागी थांबला. त्यांना कळले. मलाही कळले. मी गुळगुळीत होते तेव्हा तीन वळशांत जेवढे उतरत होते, त्याच्या कितीतरी पट आता एका वळशात उतरत होते. वळसा तोच होता, माप तेच राहिले नव्हते.

त्या संध्याकडे वळल्या. आवाज न चढवता म्हणाल्या, “तू बी देल्लं का, बाई? सांग. मी काही बोलणार नाही. पोरीसाठी सांग.”

संध्या रडत रडत बोलली. बारा वाजता, किती ते मोजले नाही, दाट होईपर्यंत. डॉक्टरीणबाईंनी सगळे लिहून घेतले, वेळांसकट. बाळाला रात्रभर देखरेखीखाली ठेवले. श्वास, ठोके आणि साखर पुन्हा पुन्हा तपासत राहिल्या. सकाळी उजाडता उजाडता आकांक्षा कुरकुरली आणि दूध मागू लागली.

जाताना डॉक्टरीणबाईंनी दुर्गाबाईंना बसवून घेतले. त्या रागावल्या नाहीत, पण त्यांनी बोलण्यात काही राखून ठेवले नाही. सहा महिने पूर्ण होईपर्यंत बाळाला आईच्या दुधाशिवाय काहीच नको, पाणीसुद्धा नको, मध तर वर्षभर नको. जायफळ बाळाला झोपवते ते औषध म्हणून नव्हे, गुंगी म्हणून. शेवटी त्या म्हणाल्या, “तुम्ही सांगितलं नसतं तर मी आजार शोधत बसले असते, आणि वेळ गेला असता.”

मित्रांनो, त्या क्षणी पिशवीत पडल्या पडल्या मला दोन गोष्टी वाटल्या. एक, मी या घरातल्या लेकराला अपाय केला. दुसरी, ज्या बाईचे नाव गल्लीत वळशांवर उभे होते, तिने ते नाव दार उघडे असताना खाली ठेवले.

बाहेर बसलेल्या बायांनी ऐकले होते. दोन दिवसांत गल्लीभर झाले. काही जणी बोलायच्या थांबल्या, काहींनी वाट बदलली. नीलम मात्र घरी आली आणि समजूत घालू लागली की आमच्या पोराला तुमच्या घुटीने कधी काही झाले नाही, मावशी. दुर्गाबाई म्हणाल्या, “नाही झालं, ते तुमचं नशीब, बाई. माह्या हाताचं नाही.”

त्याच दिवशी त्यांनी मला एका गोणपाटात गुंडाळून पलंगाखाली सरकवले. बरण्याही तिथेच आल्या.

पलंगाखाली माझी दोन वर्षे गेली. वर झाडू फिरे, ट्रंक सरके, उंदीर येऊन गोणपाट कुरतडून जाई. माझ्यावर धूळ बसली. एकदा ट्रंक ओढताना माझ्या कडेचा टवका उडाला, तो हाच. मधल्या काळात कोरोनाची साथ आली. घराघरांत काढ्याची पातेली दिवसभर उकळत होती. मिरे, सुंठ, दालचिनी, लवंग, जे सापडेल ते पातेल्यात. लोक दुर्गाबाईंना फोन करून काढ्यात काय घालू ते विचारत. त्या सांगायच्या की मले नोका विचारू. शेषराव निवृत्त होऊन घरीच होते. ते कुणाच्या तरी सांगण्यावरून दिवसातून चार-चार वेळा काढा पिऊ लागले. महिन्याभरात त्यांचे तोंड आले, छातीत जळजळू लागले. अमरावतीहून ज्योत्स्नाने फोनवर काढा बंद करायला लावला. अर्धा कप, एकदा, तेही सोसत असेल तर, आणि ताप किंवा दम असेल तर काढ्याच्या भरवशावर अजिबात थांबायचे नाही, असे तिने वडिलांना समजावले. दुर्गाबाई हे बाजूला बसून ऐकत होत्या. त्यांना सगळे ठाऊक होते, पण बोलायचा धीर उरला नव्हता.

मला बाहेर काढले ते संध्याने. स्वप्निल गाडीवरून घसरला आणि त्याचा घोटा मुरगळला. दवाखान्यात फोटो काढला, हाड शाबूत होते. डॉक्टरांनी गोळ्या दिल्या, पाय वर ठेवायला सांगितला. संध्याने विचारले की आंबेहळदीचा लेप लावला तर चालेल का. ते म्हणाले, कातडी फुटलेली नाही, लावा. ती घरी आली, पलंगाखाली वाकली, गोणपाट ओढून काढला आणि मला सासूबाईंसमोर ठेवले.

दुर्गाबाई म्हणाल्या की त्यांनी आता हे सोडले आहे, शिकवायचेही सोडले आहे.

संध्या त्यांच्यासमोर खालीच बसली. “तवा मले कोणी शिकवलं नोतं, आई. मी पाहून केलं, म्हणून तसं झालं. आता सांगून शिकवा.”

आकांक्षा तोवर चालायला-बोलायला लागली होती. ती येऊन माझ्यावर थापा मारू लागली. दुर्गाबाईंनी तिचा हात बाजूला केला, मला उचलून मोरीत नेले आणि धुऊ लागल्या. तीन मुठी तांदूळ माझ्यावर घासले गेले तेव्हा कुठे पाणी स्वच्छ आले.

त्या दिवसापासून घरातली रीत बदलली. जुने सगळे हिरडे-बेहडे दुर्गाबाईंनी फेकून दिले, त्यांना दोन वर्षे हवा लागली होती. नवे आणले तेव्हा संध्याने प्रत्येक बरणीवर चिठ्ठी चिकटवली. नाव, आणल्याची तारीख, कशासाठी. जायफळाच्या बरणीवर लाल शाईने लिहिले, ‘लहान मुलांना नाही’, आणि ती बरणी मसाल्याच्या डब्याशेजारी गेली. गोड पदार्थात चिमूटभर, एवढेच तिचे काम राहिले. संध्या एक वही ठेवू लागली. दुर्गाबाई सांगत, ती लिहून घेई. कधी सासूबाईंच्या आठवणीत दोन आकडे असत, तेव्हा संध्या ज्योत्स्नाला फोन करी. ज्योत्स्नाही काही वेळा सांगे की हे मला माहीत नाही, आयुर्वेदाच्या डॉक्टरांना विचारून सांगते. माहीत नाही असे शिकलेले माणूस म्हणते, हे दुर्गाबाईंना फार आवडले.

बाया पुन्हा येऊ लागल्या. आधीइतक्या नाही. दुर्गाबाई आता लगेच मला हात लावत नसत, आधी प्रश्न विचारत. कधीपासून दुखते? ताप आहे का? बीपीची, साखरेची गोळी चालू आहे का? पोटात बाळ आहे का? पोटात बाळ असलेल्या बाईला त्या काहीच देत नसत, आल्या पावली डॉक्टरकडे पाठवत. तान्ह्या बाळाची सासू आली तर तिला आकांक्षाची गोष्ट सांगत, आपल्या चुकीसकट. एकदा एक बाई यावर चिडून गेली. दुर्गाबाई चिडल्या नाहीत. खोकल्याला अडुळसा दिला तर तीन दिवसांची मुदत घालून देत. तीन दिवसांत फरक नाही तर दवाखाना.

मला मात्र आत कुठेतरी वाटायचे की आपले महत्त्व कमी झाले. पूर्वी दिवसातून दहा वेळा ओली व्हायचे, आता आठवड्यातून दोनदा. मग नत्थुजींची गोष्ट घडली, आणि माझा तो गैरसमज गेला.

नत्थुजी आमच्याच गल्लीत राहतात. कापसाच्या जिनिंगमध्ये काम करून निवृत्त झालेले, शेषरावांचे पत्त्यांतले जोडीदार. यंदाच्या उन्हाळ्यात एका सकाळी आठ वाजता ते दारात आले आणि खुर्चीत बसले. छातीत दाटून आल्यासारखे वाटते, रात्री पाहुण्यांकडे मटण खाल्ले, गॅस धरला असेल, असे त्यांनी सांगितले. शेषरावांनीही मान हलवली. नत्थुजी म्हणाले, “वहिनी, सुंठ-हिरडा उगाळून द्या थोडा. ढेकर आला का मोकळं होईन.”

संध्याने मला खाली आडवे ठेवले. पाण्याची वाटी आली. सुंठेची बरणी उघडली. दुर्गाबाईंनी सुंठ हातात घेतली आणि नत्थुजींकडे पाहिले. सकाळचा गारवा अजून होता, पंखा फिरत होता, आणि नत्थुजींच्या कपाळावरून घामाच्या धारा निघाल्या होत्या. ते डाव्या हाताने जबडा चोळत होते.

दुर्गाबाईंनी विचारले की हात दुखतो का. नत्थुजी म्हणाले, जरासा, झोपेत अवघडला असेल.

दुर्गाबाईंनी सुंठ परत बरणीत टाकली. “मी नाही देत, भाऊ. ही गोष्ट माह्या हातातली नाही. स्वप्निल, ऑटो आण.”

नत्थुजींना राग आला. एवढ्याशा गॅससाठी दवाखाना कशाला, म्हणाले. शेषरावही म्हणाले की आधी थोडे देऊन तर पाहा, अर्ध्या तासाने जाऊ. दुर्गाबाई ऐकेनात. त्यांनी नत्थुजींना उठू दिले नाही, चालू दिले नाही, स्वप्निलने आणि ऑटोवाल्याने खुर्चीसकट उचलून बाहेर नेले. सरकारी दवाखान्यात छातीची पट्टी, म्हणजे ईसीजी, काढली आणि तिथून अँब्युलन्सने तडक अकोल्याला. हृदयाची एक रक्तवाहिनी बंद पडली होती. अकोल्याच्या डॉक्टरांनी घरच्यांना सांगितले की वेळेत आणले, आणखी उशीर झाला असता तर सांगता आले नसते.

त्या दिवशी मी स्वयंपाकघराच्या फरशीवर दुपारपर्यंत तशीच आडवी पडून होते, कोरडी ठणठणीत. माझ्यावर एक थेंबही पडला नव्हता. माझ्या पस्तीस वर्षांत याहून मोठे काम माझ्यापाशी बसून कुणी केले नाही.

तीन आठवड्यांनी नत्थुजी काठी टेकत आले. वजन उतरले होते, दाढी पांढरी वाढली होती. शेषरावांनी त्यांना चहा दिला, बिनसाखरेचा. थोडा वेळ इकडच्या-तिकडच्या गोष्टी झाल्या. मग नत्थुजी म्हणाले, “त्या दिवशी तुमी नाही म्हणाल्या, तवा मले वाटलं, वहिनी हुशारी दाखवून राहिल्या.”

दुर्गाबाई हसल्या. म्हणाल्या की ‘नाही’ म्हणायला त्यांनाही शिकावे लागले, आणि त्याची फी फार मोठी होती. 

जाताना नत्थुजींनी गुडघा पुढे केला. पडून पडून आखडला होता, जरा आंबेहळद लावता का, म्हणाले. दुर्गाबाईंनी त्यांच्याकडून गोळ्यांचे पाकीट मागून घेतले. संध्याने त्यावरची नावे ज्योत्स्नाला फोनवर वाचून दाखवली. त्यात रक्त पातळ ठेवणाऱ्या गोळ्या होत्या. ज्योत्स्नाने सांगितले की पोटात घरचे काहीही द्यायचे नाही, हळदीचे दूधसुद्धा अकोल्याच्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय नाही. गुडघ्याला वरून पातळ लेप चालेल, पण चोळायचे नाही.

मग संध्याने मला पुढे घेतले. चार थेंब पाणी पडले. आंबेहळदीचा तुकडा माझ्यावर गोल फिरू लागला आणि पिवळसर गंध हळूहळू जमू लागले. आकांक्षा आता शाळेत जाते. ती शेजारी उकिडवी बसून बघत होती. तिने विचारले, हे का लावतात, किती लावायचे, आणि मी लावू का. संध्याने तिच्या तिन्ही प्रश्नांची उत्तरे दिली. तिसऱ्याचे उत्तर होते, अजून नाही.

मित्रांनो, तुमच्याही घरात माझ्यासारखी एखादी सहाण किंवा खलबत्ता पडून असेल. तिला अडगळीत टाकू नका आणि डोक्यावरही घेऊ नका. धुऊन, कोरडी करून ठेवा. बरणीवर नाव आणि तारीख लिहा. घरातल्या मोठ्या माणसाला विचारल्याशिवाय तिच्यावर काही उगाळू नका. आणि दवाखान्यात डॉक्टरांनी विचारले की घरी काय दिले, तर ते जसेच्या तसे सांगा, कितीही लाज वाटली तरी. लाज दोन दिवसांत ओसरते, मी पाहिले आहे.

नत्थुजींचा लेप वाळला आहे. संध्या मला धुवायला मोरीकडे नेत आहे.